घडणावळ वजा जाता

भांड्यांच्या जुन्या दुकानांवर अजूनही एक पाटी दिसते: ‘तांब्या-पितळेची जुनी मोड घेतली जाईल.’ मोड म्हणजे वापरातून गेलेले, चेपलेले, गळके, पण धातू म्हणून शाबूत असलेले भांडे. कडधान्याला येतो तो मोड पुल्लिंगी, काट्यावर चढते ती मोड स्त्रीलिंगी. शंभराच्या नोटेचे सुटे करून मागतात तीही मोडच. मोडीत काढणे हा वाक्प्रचार पुढे संस्थांना, कायद्यांना, माणसांनाही लागला आणि त्याला नाशाचा वास आला. मूळ व्यवहारात मात्र नाश नव्हता, अदलाबदल होती. गळका हंडा घेऊन गेलेली बाई त्याच पायरीवरून नवी कळशी घेऊन उतरत असे आणि मधला फरक रोखीने भरत असे.

हा फरक दोन वजावटींतून पडतो. पहिली घट: डाख, माती, काजळी, बुडाला चिकटलेले किटण यांचे वजन धातूत धरत नाहीत. दुसरी वजावट कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. भांडे विकत घेताना धातूच्या किमतीवर घडणावळ द्यावी लागते. मोडीत देताना घडणावळ शून्य होते. तांबटाने पत्रा तापवून, ठोकून, मठारून त्यावर उठवलेल्या हजारो खळ्यांचे मोल काट्यावर उमटत नाही. सुबक घंगाळ आणि तेवढ्याच वजनाचा ठेचलेला पत्रा यांचा भाव एकच. भंगाराच्या धंद्याचे सारे गणित या एका नियमावर उभे आहे.

मराठी घरांतून मोडीचा सर्वांत मोठा लोंढा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात निघाला. त्याआधीच्या स्वयंपाकघरात पाणी तांब्यात, शिजणे कल्हई केलेल्या पितळेत आणि आंबट पदार्थ दगडी किंवा मातीच्या भांड्यात, अशी विभागणी असे. तांबे-पितळ आंबटाला सोसत नाही. ताकाची कढी किंवा चिंचेची आमटी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली की कळकते. म्हणून दर काही महिन्यांनी कल्हईवाला दारी येई, भाता लावी, तापल्या भांड्यात नवसागर आणि कथील कापडाने फिरवी आणि काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे करून देई. स्टेनलेस स्टीलने ही सगळी उस्तवार एका झटक्यात संपवली. चिंच लावून घासायला नको, कल्हई नको, कळकण्याचे भय नको. ज्या बायकांनी रोज सकाळी राखेने पितळ घासले होते त्यांनी ते काढून टाकताना फार हळहळ केली असेल असे समजणे हा नंतरच्या पिढीचा भाबडेपणा आहे. हळहळ पुढच्यांनी केली, तीही घंगाळात शोभेची झाडे लावून.

बंब, घंगाळ, हंडे, सतेली, परात, डबे, ओगराळी, गडवे असे सारे मोडीत गेले. मागे राहिली देवघरातली उपकरणी: ताम्हन, पळी, पंचपात्री, समई, घंटा. धर्मकार्याला स्टील चालत नाही या समजुतीने तेवढे तांबे-पितळ वाचवले. तांब्याचे नाव मात्र धातू गेल्यावरही टिकले. पाण्याचा लोटा ज्या धातूचा असे, त्याच धातूच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि आज ‘स्टीलचा तांब्या’ म्हणताना कुणाला विसंगती जाणवत नाही.

त्या भांड्यांवर आणखी एक गोष्ट असे: नावे. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्याच्या काठावर दुकानातच छोट्या छिन्नीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे पाडून घेत. देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, तारीख, कधी गावाचेही नाव. गावजेवणात भांडी मिसळली तर ओळखू यावीत हा उपयोग खरा, पण ती अक्षरे त्याहून अधिक काही होती. ज्या बाईच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, तिचे नाव कोरलेली वस्तू घरात बहुधा हे भांडेच. भंगाराच्या दुकानात अशा नावांचे ढीग पडतात. अक्षरांना भाव नाही, आणि अक्षरे आहेत म्हणून भाव पडतही नाही.

जुना धातू जपण्याची आणि फिरवण्याची सवय महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि तिचे कारण पायाखाली आहे. दख्खनचा काळा पाषाण धरणाला आणि घाटातल्या रस्त्याला उत्तम, पण त्यात खाण काढावी इतके तांबे नाही. राजस्थानात खेत्री, झारखंडात घाटशिला, मध्य प्रदेशात मलांजखंड ही देशातली तांब्याची ठिकाणे. विदर्भाच्या पूर्व टोकाला थोडे साठे सापडले आहेत, तेवढेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच, बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबे, कथील आणि शिसे येते. पैठण आणि तेरचा माल याच बंदरात जात असे. सतराव्या-अठराव्या शतकांत डच कंपनी जपानचे तांबे भारतात आणून विकत होती; नंतर इंग्रजांचे आले. परदेशातून विकत घेतलेला धातू फेकून देण्याची चैन कुणालाच परवडली नाही.

त्यामुळे जुने तांबे सहसा जुन्या रूपात सापडत नाही. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला धातूची चार शिल्पे मिळाली: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाची. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तरी ती इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातली मानली जातात. ६० किलो तांबे म्हणजे कुठल्याही गावात चांगली रक्कम. ती शिल्पे काट्यावर न जाता संग्रहालयात पोचली हाच अपवाद. दानाचे ताम्रपट, शिवराया, ढब्बू पैसे यांतले किती मुशीत गेले याची मोजदाद होणे नाही, कारण मुशीत गेलेली वस्तू पुरावा ठेवत नाही. नाण्यांच्या बाबतीत तर सरकारलाही धातूच्या भावाची धास्ती असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनातले नाणे वितळवणे हा गुन्हा आहे. धातूची किंमत छापील किमतीच्या वर गेली की लोक काय करतात याचा अनुभव त्यामागे आहे.

मोड दुकानात नेणे हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता दारावरून जातो. ‘भंगारवाला’ ही आरोळी शहरांत सर्वपरिचित आहे, पण दारावर येणाऱ्यांत आणि कचऱ्यातून वेचणाऱ्यांत फरक आहे, आणि तो धंद्यातले लोक काटेकोरपणे पाळतात. हातगाडीवाला माल विकत घेतो; त्याला सकाळी भांडवल लागते. ते बहुधा दुकानदारच देतो आणि संध्याकाळी माल त्याच्याच काट्यावर चढवावा लागतो, त्यामुळे भावाची घासाघीस सकाळीच हरलेली असते. वेचणारीला भांडवल लागत नाही, म्हणून तिच्या पोत्यात उरलेसुरले येते: कागद, काच, प्लास्टिक, पत्रा. तांबे तिला क्वचित मिळते, कारण तांबे कुणी सहजासहजी कचऱ्यात टाकत नाही. पुण्यात या कामात मुख्यतः दलित समाजातल्या स्त्रिया आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेल्या अनेकींना शहराने हेच काम दिले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात मालाची यादीच आहे, आणि त्या यादीत तांबे नाही. २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा उचलण्याचे काम रीतसर या स्त्रियांकडे आले.

याच कुळातला एक जुना व्यवसाय म्हणजे झारेकऱ्यांचा. सोनारपेठेतली धूळ, भट्टीची राख, गटारातला गाळ विकत घ्यायचा, पाण्याने धुवायचा आणि तळाशी राहिलेले सोन्या-चांदीचे कण वेचायचे. बोहारणीला दिलेल्या जुन्या शालूची जर जाळून त्यातली चांदी काढणे हाही याच जातीचा उद्योग. धूळ विकत घेणारा माणूस भोळा वाटतो, पण सोनार ती धूळ फुकट देत नसे, यावरून तिच्यात काय आहे हे दोघांनाही ठाऊक होते हे उघड आहे.

दुकानात आलेल्या मालाची पहिली गोष्ट म्हणजे छाटणी, आणि खरी विद्या इथेच आहे. घडणावळ इथे मोजत नाहीत, पण निवडणावळ मोजतात. मिसळलेला ढीग लोखंडाच्या जवळपासच्या भावाने घेतला जातो. तोच वेगळा केला की त्यातले तांबे तांब्याच्या, पितळ पितळेच्या आणि जर्मन जर्मनच्या भावाने जाते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मन सिल्व्हरचे नाव या दुसऱ्याच पांढऱ्या धातूला कधी चिकटले ते चिकटले. बीड वेगळे, पत्रा वेगळा, शिसे वेगळे. लोहचुंबक हे पहिले हत्यार: चिकटले की लोखंड, मग वरून कितीही पिवळे दिसो. दुसरे हत्यार कानस. नळाची चकचकीत तोटी पांढरी दिसते. कानशीचा एक घास मारला की आतून पिवळा रंग निघतो. पितळ उघडे पडणे ही मराठीत नाचक्की आहे, पण भंगाराच्या दुकानात पितळ उघडे पडले की भाव वाढतो. तिसरे हत्यार कान. काशाची वाटी बोटाने टिचकली तर घुमते, पितळेची बद्द वाजते. काशात पाचव्या हिश्श्याच्या आसपास कथील असते आणि कथील तांब्यापेक्षा महाग. चौथे हत्यार हाताचा अंदाज. हल्ली वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार येते. तांबे त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे वेटोळे उचलताच जाणत्याला फसवणूक कळते.

तांब्यातही उतरंड आहे. सर्वांत वर सोललेली, लखलखीत, न जळलेली जाड तार. तिला बाजारात ‘मिलबेरी’ म्हणतात. मग नळ्या आणि पट्ट्या, मग मोटारीच्या गुंडाळीतून निघालेले ‘आर्मेचर’, मग भांडी. ही इंग्रजी नावे उगाच आलेली नाहीत. अमेरिकी भंगार व्यापाऱ्यांनी तारसंदेशातले शब्द वाचावेत म्हणून प्रत्येक प्रतीला एकेक सांकेतिक नाव दिले होते: कुठल्या तांब्याला जव, कुठल्याला खडीसाखर, हलक्या पत्र्याला स्वप्न, पिवळ्या पितळेला मध, मोटारींच्या रेडिएटरला महासागर. तार गेली, नावे राहिली, आणि ‘ब्रास हनी’चा भाव मुंबईच्या बाजारभावात आजही छापून येतो. त्याच यादीत ‘कॉपर युटेन्सिल स्क्रॅप’ अशी एक ओळ असते. आजीच्या हंड्याचे ते बाजारातले नाव.

मुंबईचा हा बाजार भुलेश्वर, पायधुणीच्या भागात, गुलालवाडी आणि किका स्ट्रीटच्या गल्ल्यांत वाढला. तिथल्या एका भागाचे नावच तांबाकाटा, म्हणजे तांबे तोलण्याचा काटा. काट्याबद्दलचा संशय सनातन आहे. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग ऊस आणि भंगार दोन्हीकडे सारखाच चालतो. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर संशय आकड्यावरून प्रतवारीवर सरकला, एवढाच बदल. वजन दोघांनाही दिसते. पण हे पहिल्या प्रतीचे की दुसऱ्या, हे ठरवणारा विकत घेणाराच असतो.

भाव ठरतो मात्र फार लांब. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या धातू बाजारात तांब्याचा तीन महिन्यांनंतरचा भाव मुख्य मानतात. सुएझ कालवा झाल्यावर दूरच्या खाणींचा माल जहाजाने यायला साधारण तेवढे दिवस लागत म्हणून. जहाजे वेगवान झाली, तीन महिने तसेच राहिले. लंडनचा भाव, डॉलरचा दर आणि देशातली तूट यांचा मेळ घालून मुंबईचा भाव निघतो, तो मोबाइलवरून नाशिक-सोलापूरच्या दुकानात पोचतो आणि दुकानदार पाटीवर खडूने आकडा बदलतो. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा मोठा कारखाना बंद झाल्यावर शुद्ध तांबे निर्यात करणारा भारत आयात करणारा झाला. २०२१ मध्ये लंडनचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. पोत्यातल्या पावशेर तारेलाही या सगळ्याची झळ लागते, फायदा मात्र सहसा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच येतो.

भाव चढला की चोरी वाढते. शेतातल्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेणे, विजेची डीपी (रोहित्र) फोडून तेल ओतून देणे आणि आतली गुंडाळी काढणे, हे ग्रामीण महाराष्ट्राचे नेहमीचे दुखणे आहे. चोराच्या हाती काही किलो तांबे लागते. शेतकऱ्याचे पाणी ऐन उन्हाळ्यात आठवडाभर बंद पडते. इथेही तोच नियम, फक्त क्रूर रूपात. काम करणारी वस्तू आणि तिचा धातू यांच्या किमतीतला फरक चोराच्या हिशेबात येतच नाही. चोरीची तार लवकर ओळखू येऊ नये आणि सोलण्याचे कष्ट वाचावेत म्हणून ती जाळतात. वरचे प्लास्टिक पीव्हीसीचे. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी जहाल विषे निघतात, आणि ती तयार व्हायला तांबेच मदत करते. जळलेल्या तारेला भावही कमी, कारण ती काळवंडते. तरी शहरांच्या कडेच्या नाल्यांत संध्याकाळी तो काळा धूर दिसतोच.

धोका कधी मालातच असतो. अहिल्यानगरजवळच्या लष्करी सराव क्षेत्रात पडलेल्या तोफगोळ्यांचे अवशेष आसपासच्या गावांतली माणसे वेचत आली आहेत. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा असतो, नळकांडे पितळेचे. न फुटलेला गोळा ठोकून पट्टा काढताना माणसे मेली आहेत. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र भंगारात आले आणि कामगारांनी ते उघडले. आत कोबाल्ट-६० होते. किरणोत्सर्गाने एकाचा जीव गेला. लोहचुंबक आणि कानस यांना न कळणारे भंगार ते हे.

निवडलेला माल शेवटी भट्टीत जातो. पितळ वितळवणाऱ्याच्या दुकानाचे छत पांढरे पडते. तांबे १,०८५ अंशांना वितळते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते, आणि त्याचा धूर पांढरी भुकटी होऊन सगळीकडे बसतो. त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. कामगार त्यावर दूध आणि गूळ घेतात. ताप बहुतेकदा एका दिवसात आपोआप उतरतो आणि श्रेय गुळाला मिळते. जहाजेही याच वाटेने जातात. १९६१ मध्ये नौदलात आलेली, पुढे काही वर्षे संग्रहालय झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचे काही पोलाद बजाजने विकत घेतले आणि २०१६ मध्ये काढलेल्या एका मोटारसायकलमध्ये घातले, आणि तसे जाहिरातीत ठळकपणे सांगितले. भट्टीतून गेल्यावरही नाव शिल्लक ठेवून त्याची किंमत वसूल केल्याचे असे उदाहरण विरळा.

बाकीच्या धातूला काटा विसरतो. धातू मात्र पुरते विसरत नाही. कल्हईचे कथील, सांध्याची डाख, काठात शिरलेले शिसे हे सारे वितळल्यावर तांब्यात मिसळून राहते. भांड्याला ते चालते, पितळेला तर सहज चालते. पण विजेच्या तारेला चालत नाही, कारण अशुद्धी अगदी थोडी असली तरी विजेचे वहन घटते. ‘युटेन्सिल स्क्रॅप’चा भाव सोललेल्या तारेपेक्षा खाली राहतो तो त्यामुळे. कल्हईवाल्याने पन्नास वर्षांपूर्वी फिरवलेल्या कापडाचा हिशेब इथे, किलोमागे काही रुपयांनी, चुकता होतो.

तो हिशेब पुसायचा तर आणखी एक पायरी लागते. अशा तांब्याच्या जाड लाद्या ओतून मोरचुदाच्या आम्ल द्रावणात टांगतात आणि वीज सोडतात. लादी हळूहळू विरघळते, आणि समोरच्या पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध तांबे चढत जाते. त्यातून ओढलेली तार पंख्यात, मोटारीत, पुन्हा एखाद्या डीपीत जाते. जे विरघळत नाही किंवा पत्र्यावर चढत नाही ते हौदाच्या तळाशी काळसर गाळ होऊन बसते. त्या गाळात कथील आणि शिसे असते, आणि बहुतेक वेळा थोडी चांदी आणि सोन्याचा अंशही. काही दिवसांनी हौद उपसतात, गाळ गोळा करून वाळवतात, त्यातल्या सोन्या-चांदीचे प्रमाण तपासतात, आणि तो वजनावर विकतात.